तीनशे चाळीस नर आणि पाच कोटींची अब्रू

एक नाव सांगितलं असतं तर ज्ञानेशच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मोजू. बाजार समितीच्या निवडणुकीचं फ्लेक्सचं सगळं काम. म्हणजे इंदापुरापासून बारामतीच्या वेशीपर्यंत जेवढे विजेचे खांब, तेवढे उमेदवार आप्पासाहेबांचे हसरे चेहरे, आणि प्रत्येक चेहऱ्याचा चौरस फुटावर दर. दुसरं, धाकटा भाऊ अविराज लोणी देवकरच्या एका कंपनीत तीन वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली घासत होता, त्याला कायम करून घेणं. आणि तिसरं, मागितलं नसताना वर घातलेलं: प्रचारसभेत स्टेजवर दुसऱ्या रांगेत खुर्ची. पहिली रांग आप्पासाहेबांच्या पाव्हण्यारावळ्यांत संपायची, तेव्हा दुसरी रांग म्हणजे परक्या माणसासाठी कळसच.

आणि खर्च? काही नाही. जीभ घरची, नाव दोन अक्षरांचं. रेश्मा.

ज्ञानेशचं दुकान इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर. फ्लेक्स, झेरॉक्स, लग्नपत्रिका, दहाव्याच्या पत्रिका. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत एकदा तरी त्याच्या मशिनीतून निघायचाच. दोन वर्षांपूर्वी त्यानं फेसबुकवर एक पेज काढलं, ‘रोप कसं निघालं?’ या नावाचं. आपल्याकडं रोपं आधी पैसे देऊन नर्सरीत बुक करायची, महिन्याभरानं ट्रे भरून आणायचे, आणि आपल्याला काय दिलं होतं हे कळायला पुढं चार-सहा महिने थांबायचं. तोवर नर्सरीवाला पुढच्या हंगामाचं बुकिंग घेऊन मोकळा. म्हणून ज्ञानेशनं सोय केली. कुठून किती रोपं नेली, काय म्हणून दिली आणि काय निघाली, एवढं शेतकऱ्यानं त्याला कळवायचं. तो शेतकऱ्याचं नाव गाळून पेजवर टाकायचा. “नाव मला सांगायचं, गावाला मी सांगत न्हाय,” हा त्याचा करार. कागदावर नव्हता, पण पेजवरचे अकरा हजार लोक त्याच्यावर विसंबून होते.

रेश्मा आप्पासाहेबांच्याच नर्सरीत कामाला होती. बारामती-इंदापूर रस्त्यावर हिरव्या जाळीखाली सात एकर पसरलेली ती नर्सरी. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, बोटानं खड्डा करायचा, बी टोचायचं. दिवसाचे साडेतीनशे रुपये. तिच्या वडिलांनी, कन्हेरीच्या रावजींनी, लेकीच्या भरवशावर तिथूनच पपईची नऊशे रोपं नेली. झाडं पुरुषभर वाढली, फुलली, आणि नऊशेतली तीनशे चाळीस नुसतीच फुलत राहिली, फळ धरेनात. तेव्हा रेश्मानं ज्ञानेशला मेसेज केला आणि दुसऱ्या दिवशी पेजवर मजकूर आला:

‘पपईची नऊशे रोपं नेली. तैवान जातीची म्हणून दिली. तीनशे चाळीस नर निघाले. विचारायला जाईल त्याला आप्पासाहेब म्हणतात, धीर धरा. नराला किती महिने धीर धरला म्हणजे पपई लागते, तेवढं लेखी द्यावं.’

लोक हसले. मग हसणाऱ्यांतल्या काहींनी आपापल्या बागेत जाऊन झाडं मोजली, आणि हसणं थांबलं.

तीन दिवसांनी आप्पासाहेबांची पांढरी गाडी दुकानासमोर लागली. आप्पासाहेब स्वतः उतरले. एरवी ते काच खाली करून बोलावत.

“ज्ञानबा, धंदा बरा हाय न्हवं?”

“तुमची कृपा.”

“मग कृपेला का रं फाटं फोडतुयास? कोण हाय ते सांग. मी काय त्याला खाणार हाय का? समजूत काढीन.”

“समजूत काढायला नाव कशाला, आप्पासाहेब? रोपं बदलून देतो म्हणा. मी आजच पेजवर टाकतो, तुमच्या फोटोसकट.”

“बदलून दिली म्हंजे चुकलं म्हणून कबूल केलं. निवडणूक तोंडावर आलीय, येडा का खुळा तू?” मग आवाज खाली आणून त्यांनी वर मोजलेलं सगळं एकेक करून काउंटरवर मांडलं. फ्लेक्स, अविराज, खुर्ची.

ज्ञानेश म्हणाला, “विचार करतो.”

खरं सांगायचं तर त्यानं विचार केलाही. तो काही हुतात्मा नव्हता, दुकानदार होता. घरी आई ठमाबाईनं तो विचार आणखी सोपा करून दिला.

“सांगून टाक की,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “त्या पोरीचं आन् आपलं नातं काय?”

“तिचं काम जाईल, आई.”

“साडेतीनशे रुपय रोजाचं काम. आन् माझ्या अविराजचं आयुष्य किती रुपय रोजाचं धरलंस?”

“एक नर्सरीवाला काढून टाकील, एवढंच न्हाय. तिचं नाव झालं की दुसरा कोण घेईल तिला? सगळे एकमेकांचे पाव्हणे.”

“मग तिनं लिवायच्या आधी इचार करायचा.”

“तिनं इचार केला व्हता. म्हणून तर माझ्याकडं दिलं.”

ठमाबाईनं भाकरी तव्यावर अशी आपटली की चर्चा संपल्याचं सगळ्या घराला कळलं.

ज्ञानेशचं उत्तर काही येईना, तेव्हा रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. तीन पानी, लाल शिक्क्याची. आमचे अशील हे प्रतिष्ठित नागरिक असून तुम्ही केलेल्या बदनामीमुळे त्यांच्या अब्रूचे पाच कोटी रुपयांचे नुकसान झाले आहे. सात दिवसांत पेज बंद करावे, लिहिणाऱ्याचे नाव-पत्ता कळवावा, जाहीर माफी मागावी. न केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ६६ अ आणि इतर कलमांखाली कारवाई होईल. बदनामी कुठली, हे नोटिशीत सांगावं लागतं, म्हणून मधल्या पानावर सगळा मजकूर शब्दशः छापला होता, ठळक अक्षरात. तीनशे चाळीस नरांसह.

आप्पासाहेबांना नोटीस फार आवडली. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांची अब्रू आकड्यात लिहून दिली होती. आता आपल्या भागात एक रीत आहे: वाढदिवस असो, बायपास असो की पोराला नोकरी लागो, फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असं कुणी धरत नाही. तेव्हा नोटिशीचाही फ्लेक्स करायचा ठरला. आणि तोही ज्ञानेशच्याच दुकानात. ज्याला धमकी द्यायची त्याच्याच हातून ती छापून घेण्यात एक वेगळी मजा असते.

“दहा बाय आठ,” आप्पासाहेब म्हणाले. “सहा नग.”

“अख्खी नोटीस?”

“अख्खी.”

“आप्पासाहेब, तेवढं मधलं पान—”

“का, झोंबतंय व्हय?”

“मला न्हाय. तुमच्यासाठी सांगतोय.”

“एक ओळ गाळलीस तर पैसं द्यायचा न्हाय.”

ज्ञानेशनं पैसे आधी घेतले आणि एक ओळही गाळली नाही. उलट मधलं पान वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर थोडं वाढवलं. गिऱ्हाईक देव असतं.

सहा चौकांत सहा फ्लेक्स लागले. ज्यांच्याकडं साधे फोन होते आणि ज्यांच्यापर्यंत फेसबुक कधी पोचलंच नव्हतं, त्या म्हाताऱ्यांनी चहाच्या टपरीवर बसून पाच कोटींच्या अब्रूखालचा मजकूर मोठ्यानं वाचून घेतला. दोन-तीन दिवसांतच अशी वेळ आली की एसटी उशिरा आली तर कंडक्टर विचारी, “धीर धरता का लेखी देऊ?” आप्पासाहेबांना हे कुणी सांगितलं नाही. त्यांच्याभोवती सांगणारी माणसं नव्हती, मान डोलावणारी होती.

पण विनोदानं नोटीस मरत नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी रेश्मा दुकानात आली, हातात आधार कार्ड.

“एक झेरॉक्स.” आणि मशीन सुरू झाल्यावर त्या आवाजाखाली, “ज्ञानेशभाऊ, सुपरवायझर एकेकीला बोलवून इचारतोय. कुणाच्या माहेरी पपई हाय म्हणून.”

“मग?”

“माझ्या माहेरी ऊस हाय म्हणलं. सगळ्याच बायका ऊस म्हणाल्या. कन्हेरीत जाऊन बघंल व्हय तो?”

“त्याच्या रजिस्टरात बघंल ना. नऊशे रोपं कुणी नेली ते.”

रेश्मा पहिल्यांदा हसली. “बिलच कुठं दिलं व्हतं? कुणालाच न्हाय दिलं. रोख घ्यायचं, ट्रे द्यायचं. रजिस्टर हाय, पण त्यात नुसतं येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांचं चहापाणी लिवलंय.” मग तिचा चेहरा उतरला. “तुमच्याकडं कुठं लिवलंय का माझं?”

ज्ञानेश झेरॉक्सकडं बघत राहिला. त्याच्याकडं लिहिलेलं होतं. सगळ्यांचंच. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, तारीखवार: नाव, गाव, मोबाईल, गट नंबर, किती रोपं. उद्या कुणी खोटं लिहिलं तर आपल्याकडं खात्री हवी, या हिशेबी शहाणपणानं दोनशे बारा माणसांची नावं त्यानं सुवाच्य अक्षरात एका जागी जमा करून ठेवली होती. आप्पासाहेबांना दोन वर्षं शोधून जे मिळालं नसतं ते काउंटरच्या खणात, कुलपाविना पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो बारामतीला गेला. मामाची मुलगी प्रगती तिथं कोर्टात वकिली करते. तिनं नोटीस वाचली, मग वही उघडली, आणि वही वाचून डोक्याला हात लावला.

“दादा, हे तुला कुणी लिहून ठेवायला सांगितलं?”

“कुणी न्हाय. सवय हाय. मी फाडू का?”

“आता? नोटीस आल्यावर? पुरावा नष्ट केला म्हणून तुझ्याच गळ्यात येईल. महिन्याआधी फाडली असतीस तर तुला शहाणा म्हणाले असते. आता सांभाळायची. आणि नवीन एकही नाव लिहायचं नाही. माहितीच नसलं तर कोण मागणार?”

“आन् मागितली तर?”

“मागू दे. आप्पासाहेब मागतील, त्यांचा वकील मागेल, पोलीस मागतील, तू ऐकून घ्यायचं. द्यायची ती कोर्टाचा हुकूम आला तर, आणि तोही आपण आधी भांडू.” तिनं नोटिशीवर बोट ठेवलं. “हे ६६ अ बघ. हे कलम सुप्रीम कोर्टानं दहा वर्षांपूर्वी रद्द केलंय. मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावलंय यांनी.”

“मग बाकीचं पण खोटं हाय का?”

“बाकीचं खरं आहे. दावा लावला तर तुला तारखांना यावं लागेल. दुकान बंद ठेवून. वर्षं जातील. भिऊ नको म्हणत नाही मी. भी, पण नाव देऊ नको.”

परत येताना ज्ञानेशनं गाडीत हिशेब मांडला. महिन्याला एक तारीख धरली तर एक दिवस दुकान बंद, शिवाय एसटीचं भाडं, शिवाय आई. पाच वर्षं. त्यानं दोनदा बेरीज केली आणि दोन्ही वेळेला ती अविराजच्या बाजूनं झुकली.

दुकानात हवालदार दीपक वाट बघत होता. भला माणूस, त्याच्या लग्नाची पत्रिका ज्ञानेशनंच छापली होती.

“फोन तेवढा दे दोन दिवस. बघतो आन् आणून देतो.”

ज्ञानेशचा हात खिशाकडं गेलासुद्धा. भल्या माणसानं मागितलं की आपला हात लवकर जातो. मग त्यानं त्याच फोनवरून प्रगतीला लावला आणि स्पीकर केला.

“साहेब, अब्रुनुकसानीत मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही,” प्रगती म्हणाली. “हुकूम असेल तर दाखवा. नसेल तर फोन कशासाठी हवा ते कागदावर लिहून सही करा.”

“अहो मॅडम, गावातलीच माणसं आमी. लेखी कशाला?”

बाहेर बाकावर लग्नपत्रिकेसाठी बसलेला एक म्हातारा म्हणाला, “तेवढं लेखी द्यावं.”

दीपक हसू दाबत उठला. “वरून फोन व्हता रं,” तो ज्ञानेशला दारात म्हणाला. “येऊन गेलो म्हणून सांगतो.”

सात दिवस सरले. आठव्या दिवशी आप्पासाहेबांच्या वकिलानं समेटासाठी बारामतीला आपल्या ऑफिसात बोलावलं. एका बाजूला आप्पासाहेब, एका बाजूला ज्ञानेश आणि प्रगती, मधे काचेचं टेबल आणि त्यावर काजूची बशी. काजूला कुणी हात लावला नाही.

“शेवटचं सांगतो,” आप्पासाहेब म्हणाले. “नाव दे, न्हायतर उद्या दावा.”

“लावा,” प्रगती म्हणाली. “पाच कोटींचा ना? कोर्ट फी भरलीत का?”

आप्पासाहेबांनी वकिलाकडं पाहिलं. वकील खाकरले. “ते… नुकसानभरपाईच्या रकमेवर असते. पाच कोटींना लाखांत जाईल.”

“आधीच भरायची?”

“आधीच.”

“हे आधी न्हाय सांगितलं.” “मग दोन कोटी धरा.”

“तरी लाखांतच.”

“पन्नास लाख.”

“लाखाच्या आसपास.”

“कमी किती चालंल?”

ज्ञानेशनं टोमॅटोचे लिलाव बघितले होते, त्यात भाव पडला तर शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. इथं माल ज्याचा तोच भाव पाडत होता. पाच लाखांवर आल्यावर प्रगती म्हणाली, “आप्पासाहेब, सहा चौकांत पाच कोटी लिहिलंय. लोक विचारतील, बाकीची गेली कुठं.”

“फौजदारी करा मग,” आप्पासाहेब उसळले. “तिला तर फी न्हाय?”

“नाही,” प्रगती म्हणाली. “तिला तुम्ही स्वतः लागता. पिंजऱ्यात. शपथेवर. लिहिलेलं खरं आणि लोकांच्या भल्याचं असलं तर गुन्हा होत नाही, म्हणून मी पहिला प्रश्न तोच विचारणार. पपईचं बी कुठल्या कंपनीचं होतं, त्याचं बिल दाखवा. दुसरा प्रश्न, त्या हंगामात रोपं कुणाकुणाला विकली, त्यांची बिलं दाखवा.”

पंखा फिरत होता. वकील छताकडं बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

“बिल नसलं तर?” आप्पासाहेबांनी वकिलाला विचारलं, हळू, पण खोली लहान होती.

“बी आणलं कुठून होतं?” वकिलांनी तितक्याच हळू विचारलं.

उत्तर सगळ्या नर्सरीला माहीत होतं: मार्केटमधून पिकलेल्या पपया आणून बायकांकडून बी धुवून घेतलं होतं, आणि तसल्या बियांतून नर निघणारच. धुणाऱ्यांत रेश्माही होती, तिनंच ते ज्ञानेशला सांगितलं होतं. त्या एका क्षणी नाव सांगायची ज्ञानेशला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण ते सांगितलं असतं तर साक्षीदारच हातात दिल्यासारखं झालं असतं, आणि साक्षीदाराचं काय करतात हे त्यानं छापलेल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरून त्याला थोडंफार ठाऊक होतं.

“निवडणूक झाल्यावर बघू,” आप्पासाहेब उठत म्हणाले. जाता जाता त्यांनी काजूची मूठ भरून घेतली.

दावा लागला नाही. फ्लेक्स एका रात्रीत उतरले. पेज चालू राहिलं आणि त्यावर पहिल्यांदाच तिघांनी आपणहून नावानिशी लिहिलं, पपईबद्दल.

आता कुणी काय भरलं ते.

आप्पासाहेबांनी वकिलाला पंधरा हजार दिले आणि ज्ञानेशला सहा फ्लेक्सचे. बाजार समितीत ते निवडून आले. मतं घटली, खुर्ची तीच मिळाली. प्रगतीला फी मिळाली नाही, मामाच्या पोरीला फी द्यायची पद्धत नाही. ज्ञानेशचं निवडणुकीचं काम भिगवणच्या एका दुकानदारानं केलं. अविराज अजून ठेकेदाराकडंच आहे आणि ठमाबाई त्याच्या ताटात आधी वाढते, ज्ञानेशच्या ताटात नंतर.

नर्सरीचं बुकिंग निम्म्यावर आलं. नाव काही सापडलं नाही, तेव्हा आप्पासाहेबांनी ट्रे भरणाऱ्या बावीस बायकांतल्या बारा कमी केल्या, शेवटी लागलेल्या आधी. रेश्मा त्या बारांत होती. रागानं नव्हे, नंबरानं.

पण तिचं नाव कुठंच झालेलं नव्हतं. दहा दिवसांत तिला वीस किलोमीटर पुढच्या नर्सरीत काम मिळालं. मालकानं एवढंच विचारलं की ट्रे भरायचा हात कसा आहे. रोज तीनशे. एसटीचं जाऊन येऊन चाळीस. म्हणजे नाव राखल्याचे रोजचे नव्वद रुपये पडतात, महिन्याला सव्वीस दिवस धरले तर दोन हजार तीनशे चाळीस. ते रेश्मा भरते.